पांढऱ्या गाढवाचे वाक्य

अंकपाताकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला पेरूची एक बाग होती आणि त्या रविवारी सकाळी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. टांगे रस्त्यावरच सोडून माणसे आत शिरत होती. बायका पुढे, पुरुष मागे आणि पोरे झाडांवर. कृष्णाने सांदीपनींकडे शिकताना याच परिसरात आपली पाटी धुतली, अशी उज्जैनची जुनी समजूत आहे. मुलाला शाळेत घालण्याआधी त्याची पाटी इकडे आणून पुजायची रीत म्हणून मराठी घरांतही होती. अक्षरानंद महाराजांनी आपला मांडव नेमका या रीतीवर घातला होता.

महाराज पन्नाशीचे, गोरेपान, दाढीला तेल लावणारे. मराठी घरे आपल्याकडे वळली आहेत हे कळल्यापासून ते दोन्ही भाषांची खिचडी बोलत.

"सुनो माझ्या बहिणींनो. भगवंताला चौसष्ट दिवसांत चौसष्ट विद्या आल्या. तुमच्या लेकराला एकवीस दिवसांत बाराखडी येणार नाही? ज़रूर येईल. सरस्वती आत बसलेलीच आहे. बस, दाराला ताला लागला आहे. आणि चाबी," असे म्हणून ते कमरेचे मोरपीस उंच धरत, "चाबी माझ्याजवळ आहे."

चौसष्ट विद्यांना चौसष्ट दिवस, म्हणजे दिवसाला एक पडली; मग एका बाराखडीला एकवीस दिवस कशाला, हे त्या गर्दीत कोणी विचारले नाही.

मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या कुसुमच्या मनात मात्र ते आले. ती मुलींच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत असे. इंदूरला बी.एस्सी. करून तिला सात वर्षे झाली होती. माधव नगरात भय्यासाहेबांच्या घरी वरच्या मजल्यावर ती भाड्याने राहत होती, आणि आज पाटावर बसलेली आठ वर्षांची मुलगी भय्यासाहेबांचीच होती. जयू. दुसरीत दोनदा बसलेली. सहा महिने कुसुम तिला रोज संध्याकाळी शिकवत होती, आणि सहा महिन्यांत जयूला दहा अक्षरेही पक्की येत नव्हती. दुसरीचे ते क्रमिक पुस्तक आताही कुसुमच्या हातात होते.

एकवीस दिवस जयू रोज पहाटे या बागेत आली होती. ओली पाटी डोक्यावर धरून मुलांनी बागेजवळच्या कुंडाला प्रदक्षिणा घालायची आणि महाराजांचा शिष्य गोपाळ याने दुसरीच्याच पुस्तकातून 'सिद्ध पाठ' म्हणायचे, असा विधी होता. जयूबरोबर भय्यासाहेबांची थोरली विधवा बहीण अक्का येत असे. अक्कांना अक्षरओळख नव्हती, म्हणून तर भाचीला ती यावी असा त्यांचा ध्यास होता.

महाराजांनी भय्यासाहेबांना पुढे बोलावले. दुसरीचे एक नवे पुस्तक त्यांच्या हातात दिले आणि देवी नेईल ते पान उघडा म्हणून सांगितले. भय्यासाहेबांनी डोळे मिटून पुस्तक उघडले. मोरपीस आधीच आत होते, तेव्हा पुस्तक तिथेच उघडले. महाराजांनी घंटा दोनदा वाजवली आणि पुस्तक जयूच्या मांडीवर ठेवले.

जयू बोलू लागली. स्वच्छ, न अडखळता.

"एका गावात एक कुंभार होता. त्याच्याकडे तीन गाढवे होती. रोज सकाळी कुंभार माती आणायला नदीवर जाई..."

गर्दीतून एक हुंकार उठला. अक्का पदरात तोंड घालून रडत होत्या. प्राथमिक शाळेचे हेडमास्तर मांडवातच बसले होते. त्यांनी उठून महाराजांच्या गळ्यात हार घातला. कुसुमने आपल्या हातातल्या पुस्तकात तोच धडा काढला होता आणि सवयीने ती ओळीवर बोट ठेवून ऐकत होती. तीन गाढवांच्या ओळीनंतर पुस्तकात एक वाक्य होते: 'पांढरे गाढव सर्वांत हुशार होते.' जयूने ते म्हटले नव्हते. घाईत सुटले असेल, असे कुसुमला वाटले. पण जयूची नजर पुस्तकावर नव्हती, घंटेवर होती, हेही तिने पाहिले.

संध्याकाळी भय्यासाहेब खुशीत होते. ते कोषागारात हेडक्लार्क. नोव्हेंबरात मध्यभारत राज्य मोडून मध्य प्रदेशात गेले, कचेऱ्या भोपाळला हलू लागल्या आणि मार्चच्या आत तिकडे रुजू व्हायचा हुकूम त्यांच्या टेबलावर पडला. एवढ्या धावपळीत मुलीचे तेवढे मार्गी लागले, म्हणून त्यांनी पेढे आणले होते. त्यांनी दिव्याखाली वर्तमानपत्र पसरले आणि मथळ्यावर बोट ठेवून जयूला वाचायला सांगितले.

जयूने कागदाकडे पाहिले, मग वडिलांच्या तोंडाकडे.

"म," ती हळूच म्हणाली. तिथे भ होता.

तीन वेळा त्यांनी समजुतीने विचारले. चौथ्यांदा हात उठला. सकाळी येतं आणि संध्याकाळी येत नाही, ही काय मस्ती आहे, असे ते ओरडले तेव्हा जयूची आई सुमन स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिने मुलीला आत नेले. रात्री कोणी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का आणि भय्यासाहेब महाराजांकडे गेले. महाराजांना मुळीच आश्चर्य वाटले नाही. त्यांनी सांगितले की देवी आली होती, सगळ्या नगरीने पाहिली. मुलीनेच तिला बाहेर काढले. आता वसंतपंचमीला मुलीने पुन्हा बसावे, घंटा न वाजता, नवे पान घेऊन. वाचले तर उत्तम. नाही वाचले, तर देवी जिभेवर आली होती म्हणून सोन्याची सुई तापवून जिभेच्याच टोकाला टेकवायची. "बिलकुल फूल जैसा लगेगा," ते म्हणाले.

वसंतपंचमीला बारा दिवस होते.

हे कुसुमला अक्कांकडून कळले आणि ती तशीच खाली आली. भय्यासाहेब बाहेरच्या खोलीत फायली बांधत होते.

"भय्यासाहेब, ते आठ वर्षांच्या मुलीच्या जिभेला तापलेली सुई लावणार आहेत."

"मला ते आवडतंय असं वाटतं तुम्हाला?" त्यांनी मान वर केली नाही. "भोपाळला आपली मराठी शाळा नाही. तिथं सगळं हिंदीत, सगळं नव्यानं. इथं दोनदा बसली, तिथं कितीदा बसेल? आणि कुसुमताई, सहा महिने तुम्ही मेहनत केलीत. खरं सांगा, काय निघालं?"

निघाले होते ते एक नाव, आणि तेही घरात कोणाला पटले नव्हते. दिवाळीत तिने जयूला टावर चौकाजवळच्या डॉक्टर शरच्चंद्रांकडे नेले होते. त्यांनी डोळे तपासले, उत्तम आहेत म्हणाले, आणि कपाटातून एक जुने इंग्रजी मासिक काढून दाखवले. काही मुलांची दृष्टी चांगली, बुद्धी चांगली, तरी छापलेले अक्षर त्यांच्या मनात ठरत नाही. तिकडचे डॉक्टर याला शब्दांधता म्हणतात, असे त्यांनी समजावले. उपाय एकच, वेगळ्या तऱ्हेने आणि फार सावकाश शिकवायचे. कुसुमने हे तेव्हाही घरात सांगितले होते. आता पोरीला आंधळी म्हणायचं राहिलं होतं, एवढेच अक्का त्यावर बोलल्या होत्या.

बुधवारी मधल्या सुट्टीत कुसुम जयूच्या शाळेत गेली. तिला हेडमास्तरांना भेटायचे होते, पण पडवीत शेवटच्या बाकावर एक मुलगा एकटाच बसलेला दिसला आणि तिचे पाय थांबले. त्याच्या मनगटाला हळदीची चिंधी होती. चिंधीखालून पू आला होता. शेजारच्या मुलीने न विचारताच सांगितले की हा अनिल, याला महाराजांनी डाग दिला, याच्यावर देवी येत नाही.

कुसुम त्याच्या मागे उभी होती. तिने त्याला नावाने हाक मारली. तो वळला नाही. तिने जरा मोठ्याने हाक मारली. मग पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढून त्याच्या उजव्या कानामागे वाजवला, मग डाव्या. अनिल समोरच्या भिंतीवरचा मुंगळा पाहत राहिला. शेवटी तिने बाकावर हात आपटला, तेव्हा लाकूड हलले म्हणून त्याने दचकून मागे पाहिले आणि मनगट पोटाशी लपवले.

हेडमास्तर आपल्या खोलीत चहा पीत होते.

"त्या मुलाला ऐकू येत नाही," कुसुम म्हणाली.

"येतं हो. मनात असलं की येतं. एक कानफटात दिली की कसं बरोबर ऐकतो."

"तुम्ही तपासलंत कधी?"

"बाई, वर्गात साठ पोरं. मी शिकवू की कानात बघत बसू?" त्यांनी खणातून एक कागद काढला. त्यावर चौतीस नावे होती आणि वर ठळक अक्षरांत लिहिले होते: मंदबुद्धी. हीच यादी त्यांनी महाराजांना दिली होती. बारा मुले एवढ्यातच वाचू लागली, असे ते अभिमानाने म्हणाले. नवीन राज्यात नवीन इन्स्पेक्टर येणार. शाळेचा निकाल चांगला दिसायला नको का?

"आणि डाग किती जणांना?"

"नऊ. त्यांच्या भल्यासाठीच ना."

कुसुम यादी उतरवून घेऊन बाहेर पडली. रागाने ओरडावे असा तिचा स्वभाव नव्हता. राग आला की ती मोजू लागे. पुढचे तीन दिवस शाळा सुटल्यावर ती यादीतली घरे हिंडली. डाग दिलेल्या नऊ जणांपैकी पाच जणांना कमी ऐकू येत होते. दोघे बोबडे बोलत. दोघे तापाने आजारी पडले होते आणि विधीला रोज गेलेच नव्हते. उलट 'वाचू लागलेल्या' बारांपैकी प्रत्येकाचा कान तीक्ष्ण होता, जीभ चालणारी होती. आणि त्या बारांपैकी एकालाही तिने दाखवलेले साधे दुकानाचे पत्रक वाचता आले नाही.

कान चांगला असेल त्याच्यावर देवी येत होती. कान बिघडलेला असेल त्याला हा माणूस डागत होता.

रविवारी ती पुन्हा बागेत गेली, पुस्तक आणि पेन्सिल घेऊन. त्या दिवशी तीन मुले बसली. पहिल्याला एक घंटा, त्याने सूर्याची कविता म्हटली. उरलेल्या दोघांना दोन घंटा, दोघांनी कुंभाराचा धडा म्हटला. आणि दोघांनीही पांढऱ्या गाढवाचे वाक्य गाळले. जयू धरून तीन मुले एकमेकांना न विचारता एकच वाक्य गाळतात, म्हणजे ती पुस्तक वाचत नाहीत. ज्याच्या तोंडून ती ऐकतात, त्यानेच ते गाळलेले आहे. गर्दी पांगल्यावर ती दर्शनाच्या निमित्ताने गोपाळच्या पाटाजवळ गेली. सिद्ध पाठाचे पुस्तक तिथेच उघडे होते. दसऱ्याला पुस्तकांची पूजा झाली तेव्हाचे कुंकू पाण्याने ओघळून त्या पानावर सुकले होते, आणि त्या लाल डागाखाली एकच ओळ बुजली होती. कोणती, ते तिने पाहिले.

घरी येऊन तिने जयूला गच्चीवर बोलावले. तिला काहीही वाचायला लावले नाही. फक्त म्हणाली, कुंभाराची गोष्ट सांग बघू.

जयूने ती एका दमात म्हटली. पुस्तक खाली खोलीत होते.

"आणि कोणती गोष्ट म्हणायची ते कसं कळतं?"

"घंटेवरून. एक म्हणजे कविता, दोन म्हणजे कुंभार, तीन म्हणजे आगगाडी."

"हे सगळ्यांना माहीत आहे?"

"मुलांना माहीत आहे," जयू म्हणाली. "मोठ्यांना नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

जयूने तिच्याकडे असे पाहिले की इतका सोपा प्रश्न ही का विचारते. "सांगितलं की डाग देतात ना."

मग ती आपणहून बोलली. अक्षर काल भेटलेले असते, ती म्हणाली. छान ओळख झालेली असते. आज समोर येते तेव्हा ते तिला ओळखतच नाही. दुसऱ्या मुलींना ते ओळखते. म्हणून तिला वाटते की आपलेच काहीतरी वाईट असेल.

कुसुम तिला तिथेच बसवून खाली गेली आणि भय्यासाहेबांना सगळे सांगितले: घंटा, तीन धडे, कुंकवाचा डाग, सुटलेले वाक्य. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. नंतर ते जे बोलले त्याची तिने कल्पना केली नव्हती.

"मग त्यात खोटं काय आहे? मुलीला पाठ झालं. कुसुमताई, मी रोज सकाळी पोथी वाचतो, माझे वडील वाचायचे. पोथी समोर उघडी असते आणि तोंडानं पाठ चालू असतं. शाळेत आम्ही सगळे एका सुरात असेच वाचायचो. वाचणं म्हणजे याहून निराळं काय असतं?"

तेव्हा कुसुमला कळले की महाराजांनी यांना फसवायला फार कष्ट घेतलेच नव्हते. या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पुस्तक उघडून पाठ म्हणण्यालाच वाचन म्हणत आले होते. शाळाही तेच करत होती आणि इन्स्पेक्टरही तेच ऐकून शेरा देऊन जात होता. चोराने कुलूप फोडले नव्हते. दार उघडेच होते. तिने वर्तमानपत्राची आठवण दिली. भय्यासाहेब म्हणाले की तेवढ्यासाठीच तर वसंतपंचमी आहे.

ती जिना चढू लागली. स्वयंपाकघराच्या दारात अक्का सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि खडे वेचता वेचता त्यांचे ओठ हलत होते. एका गावात एक कुंभार होता. त्याच्याकडे तीन गाढवे होती. कुसुम तिथेच थांबली.

वसंतपंचमीला बागेत पिवळ्या लुगड्यांची गर्दी होती. मांडवात शेगडी पेटलेली होती आणि तिच्यावर तबकात सुई ठेवली होती. यादीतली मुले ओळीने बसवली होती. अनिलही होता, त्याच्यावर या खेपेला दुसऱ्या मनगटाचा प्रयोग व्हायचा होता. त्याची आई मागे उभी होती, रेल्वेतल्या फिटरची बायको, हातात तीर्थाचा तांब्या. जयूचे हात सुमनने घट्ट धरले होते. मुलीला आदल्या दिवसापासून ताप होता.

महाराजांनी जयूचे नाव घेतले तेव्हा कुसुम पुढे झाली. ती पायात चप्पल न घालता, डोक्यावर पदर घेऊन आली होती.

"महाराज, एक विनंती आहे. एकवीस दिवस मुलीच्या बरोबरीनं अक्कांनी सेवा केली. प्रदक्षिणा घातल्या, सिद्ध पाठ ऐकले. देवी लेकरांवर कृपा करते, तर अक्कांवर करणार नाही का?"

गर्दीला ते आवडले. महाराजांनी कुसुमकडे जरा रोखून पाहिले, पण कृपेला नाही कसे म्हणायचे? त्यांनी अक्कांना विचारले, माँजी, तुम्हाला वाचता येतं? अक्का लाजून नाही म्हणाल्या. महाराज हसले. म्हातारी गप्प बसेल आणि पात्रतेवर चार शब्द बोलता येतील, असा त्यांचा अंदाज असावा.

अक्का पाटावर बसल्या. कुसुमने आपल्या पिशवीतून खाकी कागदाचे वेष्टन घातलेले पुस्तक काढले, मध्येच उघडून त्यांच्या मांडीवर ठेवले, आणि कोणी काही म्हणायच्या आत घंटा दोनदा वाजवली.

एकवीस दिवसांची सवय होती. अक्कांनी हात जोडले आणि त्यांच्या तोंडून आपोआप शब्द येऊ लागले. एका गावात एक कुंभार होता. त्याच्याकडे तीन गाढवे होती. रोज सकाळी कुंभार माती आणायला नदीवर जाई. पुढे नदी आली, पूर आला, कुंभार वाट चुकला, पांढऱ्या गाढवाने सगळ्यांना घरी आणले. शेवटच्या वाक्यापर्यंत अक्का थांबल्या नाहीत.

मग मागून एक जण ओरडला, "चमत्कार!" आणि बायका अक्कांच्या पाया पडायला पुढे सरसावल्या. महाराजांनीही डोळे मिटून दोन्ही हात वर केले. आपल्याला हे फळ अपेक्षितच होते, असा त्यांचा चेहरा होता.

कुसुमने पुस्तक उचलून हेडमास्तरांपुढे धरले. "तुम्ही वाचा. हेच पान."

हेडमास्तरांनी चष्मा सारखा केला. पुस्तक इंग्रजी होते. "सल्फ्युरिक ॲसिड..." ते म्हणाले आणि थांबले.

"माझ्या दहावीच्या वर्गाचं रसायनशास्त्र आहे," कुसुम म्हणाली. "यात कुंभार कुठं आहे?"

कुजबुज सुरू झाली. तरी एक गृहस्थ म्हणालेच की महाराजांची शक्ती एवढी की इंग्रजीतूनही मराठी उमटली. लोकांनी मानाही डोलावल्या. कुसुमला वाटले, संपले सगळे. यांना काही दाखवून उपयोग नाही.

तेव्हा अक्का बोलल्या. पाटावरून न उठता, हळू आवाजात, पण पुढच्या बायकांना ऐकू जाईल इतपत.

"माझ्या पाया पडू नका ग. मला वाचता येत नाही. हे पुस्तक सुलटं होतं की उलटं, तेही मला कळलं नाही. घंटा वाजली आणि तोंड चाललं." त्या जयूकडे वळल्या. "तुझंही असंच होत होतं का, पोरी?"

जयूने होकाराची मान हलवली. तिच्या शेजारच्या मुलानेही हलवली. मग ओळीतले एकेक मूल मान हलवू लागले. अनिल तेवढा इकडेतिकडे बघत राहिला, कारण काय विचारले ते त्याला ऐकू गेलेच नव्हते.

आता कुसुमने बोलायला सुरुवात केली आणि कोणी तिला थांबवले नाही. तिने एक, दोन, तीन घंटांचा अर्थ सांगितला. गोपाळपुढचे पुस्तक उचलून कुंकवाने बुजलेली ओळ दाखवली. पांढरे गाढव हुशार होते, हे वाक्य तुमच्या एकाही मुलाने का म्हटले नाही, ते आता समजून घ्या, ती म्हणाली. देवी वाचत असती तर देवीला कुंकवाखालचेही वाचता आले असते. आणि मग ती ज्या कामासाठी आली होती ते बोलली.

"ज्यांचे कान चांगले, त्यांना पाठ झालं. त्यांना तुम्ही हार घातले. ज्यांना ऐकूच येत नाही त्यांना पाठ कसं होणार? त्यांना तुम्ही डागलंत. अनिलची आई, तुमच्या मुलाला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. त्याचा एवढाच गुन्हा आहे."

अनिलची आई गर्दीतून वाट काढत शेगडीपर्यंत आली आणि तांब्यातले सगळे तीर्थ तिने निखाऱ्यांवर ओतले. वाफेचा लोट उठला. महाराज मागे सरकले. "यह पाप है," ते म्हणाले. तिने रिकामा तांब्या त्यांच्या पायांशी टाकला आणि मुलाला कडेवर घेऊन ती निघून गेली. सात वर्षांचा मुलगा होता तो, कडेवर मावत नव्हता.

महाराजांना त्याच आठवड्यात ओंकारेश्वराहून बोलावणे आले, असे गोपाळने सगळीकडे सांगितले. त्यांना कोणी अडवले नाही, चौकीवर कोणी नेले नाही. नऊ मुलांची मनगटे भाजणारा माणूस शाल पांघरून टांग्यात बसून गेला आणि त्याला पोचवायला वीसएक माणसे स्टेशनवर होती. हेडमास्तर म्हणू लागले की यादी आपण दिलीच नव्हती. कुसुमजवळ नक्कल होती. तिने ती त्यांच्यापुढे ठेवली, 'मंदबुद्धी' हा शब्द त्यांच्यादेखत खोडला आणि शाळेची एक खोली रविवारसाठी मागितली. त्यांनी निमूटपणे दिली.

डॉक्टर शरच्चंद्र चार रविवार तिथे येऊन बसले. चौतीस मुलांपैकी सात जणांना ऐकू कमी येत होते. सहा जणांना फळ्यावरचे दिसत नव्हते आणि ते कोणी विचारले नव्हते. काही उपाशी येत. तिघांची मुळातच समज सावकाश होती. त्यांना वेळ हवा होता. आणि पाच मुले जयूसारखी होती: डोळे, कान, बुद्धी सगळे ठीक, आणि अक्षर मनात ठरत नाही. एकाच शब्दाखाली कोंबलेली ही पाच-सहा निरनिराळी दुखणी होती. वेगळी काढायला किल्ल्यांचा जुडगा, एक तक्ता आणि थोडा धीर एवढे पुरले.

अक्का दोन दिवस कुसुमशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या वर आल्या. मला आधी सांगायला हवं होतंस, त्या म्हणाल्या. कुसुमने चूक कबूल केली. चारचौघांत त्यांना असे बसवणे तिलाही लागले होते. "सांगितलं असतंस तर मी म्हटलंच नसतं," अक्का म्हणाल्या, आणि परातीत वाळू चाळून द्यायला बसल्या. त्या परातीत जयू रोज एकच अक्षर बोटाने गिरवू लागली, हातभर मोठे, तोंडाने उच्चार करत. दुसरे अक्षर पहिले पक्के झाल्याशिवाय नाही. अक्का शेजारी बसून पाहत, आणि कुसुम शाळेत असली की सुमन गिरवून घेई.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात भय्यासाहेब भोपाळला निघाले, एकटेच. बाकीचे बिऱ्हाड उन्हाळ्यापर्यंत इथेच ठेवायचे ठरले होते. सामान टांग्यात चढल्यावर ते जिन्याशी आले. जयूने त्या सकाळी 'कमळ' हा शब्द वाचला होता. एका शब्दाला तिला बराच वेळ लागला होता आणि मधे एकदा चुकला होता.

"किती दिवस लागतील, कुसुमताई?" त्यांनी विचारले.

"दिवस नाही. दोन वर्षं. कदाचित तीन. पुढंही तिला वाचायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागेल, पण ती वाचेल. भोपाळला कसं शिकवायचं ते मी लिहून देईन, सुमनवहिनींना आता येतंच आहे."

"तीन वर्षं," भय्यासाहेब म्हणाले. "तो एकवीस दिवस म्हणत होता."

"म्हणूनच तो खोटा होता," कुसुम म्हणाली. "जो आधी मुलाला तपासत नाही आणि दिवस मात्र मोजून सांगतो, त्याच्या दारात पुन्हा कोणाला उभं राहू देऊ नका. मग तो बाबा असो की मास्तर."

भय्यासाहेबांनी मान डोलावली आणि टांग्यात बसले. कुसुम वर गेली. परातीतली वाळू सपाट करून जयू पुढच्या अक्षरासाठी बसली होती.